मतदाराचें मुखत्यारपत्र

सायंकाळीं चहाचे पेले हातांत घेऊन चार सुशिक्षित गृहस्थ एकत्र बसले, म्हणजे बोलणें कोठूनहि सुरू होवो, तें अखेरीस राजकारणावर येऊन ठेपतें. आणि राजकारणावर आलें कीं त्याचा शेवट बहुधा एकाच वाक्यानें होतो, 'या सर्वांत आतां कांहीं अर्थ राहिला नाहीं.' हें वाक्य उच्चारणारा मनुष्य अडाणी नसतो. देशाविषयीं उदासीन तर तो मुळींच नसतो. त्यानें वर्तमानपत्र वाचलेलें असतें, मत दिलेलें असतें, कर भरलेला असतो. तरीहि आपल्या मताचें पुढें काय झालें, हें त्याला सांगतां येत नाहीं. ज्याला निवडून दिलें तो आज कोणत्या पक्षांत आहे, हेंहि कधीं कधीं त्याला सकाळच्या पत्रावरून कळतें. अशा मनुष्याच्या निराशेला आळस म्हणून नांवें ठेवणें अन्यायाचें होईल. ती निराशा कशांतून उत्पन्न झाली आणि तिच्यावर उतारा कोठें सांपडण्यासारखा आहे, याचा शांतपणें विचार करणें हेंच अधिक उपयुक्त होय.

या विचाराचा आरंभ पुण्यांतील एका जुन्या संस्थेपासून करणें सोयीचें आहे. २ एप्रिल १८७० रोजीं पुण्यांत सार्वजनिक सभेची स्थापना झाली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक पुढें 'सार्वजनिक काका' म्हणूं लागले, हे तिच्या चालकांत प्रमुख होते. त्या काळीं सामान्य माणसाला मताचा अधिकार नव्हता. तेव्हां 'लोकांच्या वतीनें बोलणारे तुम्ही कोण?' असा प्रश्न सरकारनें विचारणें अगदीं स्वाभाविक होतें. सभेनें त्याचें उत्तर आधींच तयार ठेविलें होतें. जो सभासद होऊं इच्छील त्यानें निदान पन्नास लोकांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें, असा नियम तिनें केला. कायद्यानें दिलेला प्रतिनिधि नव्हता, म्हणून लोकांनीं सह्या करून आपला प्रतिनिधि निर्माण केला. पुढें १८७६-७७ च्या दुष्काळांत याच सभेनें गांवोगांवची माहिती गोळा करून ती सरकारपुढें मांडली. बोलणाऱ्याच्या पाठीमागें मोजतां येण्याजोगीं, नांवानिशीं ओळखतां येण्याजोगीं माणसें होतीं, हें तिच्या शब्दाला वजन येण्याचें एक कारण होतें.

मुखत्यारपत्र हा शब्द कचेरींतला असला, तरी त्याचा अर्थ कोणत्याहि व्यवहारी माणसाला ठाऊक असतो. परगांवीं राहणारा मनुष्य आपल्या शेतीवाडीची किंवा घराची व्यवस्था पाहण्यासाठीं दुसऱ्याला मुखत्यार नेमतो. मालकी मात्र तो देऊन टाकीत नाहीं. मुखत्यारानें काय विकलें, काय घेतलें, किती खर्चलें, याचा हिशेब तो वेळोवेळीं मागतो आणि समाधान न झाल्यास मुखत्यारपत्र रद्द करतो. जो मालक एकदां सही करून पांच वर्षें तिकडे फिरकतच नाहीं, त्याच्या वाड्याला वाळवी लागली तर दोष एकट्या मुखत्याराचा, असें शहाणे लोक म्हणणार नाहींत. मत हेंहि अशाच प्रकारचें मुखत्यारपत्र आहे. तें नीट चालावयाचें, तर तीन गोष्टी अवश्य आहेत. ज्या विश्वासानें तें दिलें त्या विश्वासाला मुखत्यारानें जागलें पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या गुप्त पैशानें तो बांधला जातां कामा नये. आणि त्याला हिशेब विचारण्याची एक ठरलेली जागा व वेळ असली पाहिजे. आजच्या राजकारणाविषयींचा उद्वेग तपासून पाहिला, तर तो या तीन सांध्यांपैकीं कोणत्या तरी एका सांध्याच्या निखळण्यांतून आलेला दिसतो.

पहिला सांधा पक्षांतराचा. १९६७ सालीं हरियाणांत गयालाल नांवाच्या आमदारानें एका पंधरवड्यांत तीन वेळां पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा वाक्प्रचार देशाच्या सर्व भाषांत शिरला. हा रोग थांबविण्यासाठीं १९८५ सालीं बावन्नावी घटनादुरुस्ती झाली व घटनेला दहावें परिशिष्ट जोडण्यांत आलें. एकट्यादुकट्यानें पक्ष सोडला तर सदस्यत्व जावें, परंतु पक्षाच्या एकतृतीयांश सदस्यांनीं मिळून तो फोडला तर जाऊं नये, अशी त्यांत सवलत होती. किरकोळ पक्षांतर बंद होऊन घाऊक पक्षांतर सुरू झालें. २००३ सालच्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीनें ही सवलत काढून टाकली. दोनतृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाची वाट तेवढी शिल्लक राहिली. तरीहि २०२२ व २०२३ या दोन वर्षांत महाराष्ट्रांतील दोन मोठ्या पक्षांत फूट पडली, आणि मूळचा पक्ष कोणता, हा प्रश्न निवडणूक आयोग, विधानसभेचे अध्यक्ष व सर्वोच्च न्यायालय यांच्यापुढें गेला. त्या वादांत कोणाची बाजू न्याय्य होती, हा येथील विषय नाहीं. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट इतकीच, कीं हें सारें चाललें असतांना ज्यानें मुखत्यारपत्र दिलें होतें तो मतदार मात्र प्रेक्षकांत बसला होता. त्याला आपला कौल देण्यासाठीं २०२४ च्या निवडणुकांची वाट पाहावी लागली.

दुसरा सांधा पैशाचा. निवडणुकीला पैसा लागतो, यांत नवें कांहीं नाहीं. परंतु तो कोणी दिला हें मतदाराला कळूं नये, ही गोष्ट वेगळी आहे. २०१८ सालीं निवडणूक रोख्यांची योजना अमलांत आली. तिच्या योगानें कोणीहि मनुष्य वा कंपनी बँकेंतून रोखे घेऊन ते पक्षाला देऊं शके, आणि देणाऱ्याचें नांव जनतेपुढें येत नसे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही योजना घटनाबाह्य ठरविली. पक्षांना पैसा कोठून येतो हें जाणून घेणें हा मतदाराच्या माहितीच्या हक्काचा भाग आहे, असें त्या निर्णयाचें सार आहे. त्यापूर्वीं २००२ सालींहि याच न्यायालयानें, उमेदवारानें आपल्यावरील फौजदारी खटले, मालमत्ता व शिक्षण यांची माहिती मतदारापुढें ठेविली पाहिजे, असा निर्णय दिला होता. आणि २०१३ सालच्या निर्णयामुळें 'वरीलपैकीं कोणीहि नाहीं' असें सांगण्याची सोय मतदानयंत्रावर झाली.

या सुधारणा लहान नाहींत. ज्या नागरिकांनीं वर्षानुवर्षें न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून त्या मिळविल्या, त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु या सर्व सुधारणांचा रोंख एकाच क्षणाकडे आहे. मतदार यंत्रापुढें उभा राहतो तो क्षण अधिक शुद्ध व्हावा, एवढेंच त्या करतात. उमेदवाराची माहिती मिळाली, नापसंतीचें बटण मिळालें. परंतु बोटाला शाई लागल्यानंतर पुढचीं पांच वर्षें मतदारानें काय करावयाचें, याचें उत्तर त्यांत नाहीं. तिसरा सांधा, म्हणजे हिशेब विचारण्याची जागा, हा तसाच निखळलेला राहतो. आणि थोडा विचार केला तर असें दिसून येईल, कीं पहिले दोन सांधेहि याच तिसऱ्यामुळें ढिले झाले आहेत. ज्याला महिन्या-दोन महिन्यांनीं आपल्या लोकांपुढें उभें राहून उत्तर द्यावयाचें आहे, त्याला रातोरात पक्ष बदलणें किंवा गुप्त देणगीदाराचें काम करणें तितकेंसें सोपें जात नाहीं.

घटनाकारांना या धोक्याची जाणीव नव्हती असें नाहीं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटनासमितीपुढें केलेल्या अखेरच्या मोठ्या भाषणांत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं तीन इशारे दिले होते. आपल्या मागण्यांसाठीं घटनात्मक मार्गच धरावा, हा पहिला. कितीहि थोर पुरुष असला, तरी त्याच्या चरणीं आपलें स्वातंत्र्य वाहूं नये. धर्मांत भक्ति मोक्षाला नेईल, पण राजकारणांतील भक्ति अधःपाताकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते, हा दुसरा. आणि केवळ राजकीय लोकशाहीवर समाधान न मानतां तिच्या पायाशीं सामाजिक लोकशाही उभी केली पाहिजे, हा तिसरा. यांतील दुसरा इशारा आजच्या सुशिक्षितांनीं विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे. कारण निराशा व भक्ति या दिसावयास परस्परविरुद्ध असल्या, तरी त्या सख्ख्या बहिणी आहेत. 'सगळे सारखेच' असें म्हणून जो मनुष्य राजकारणाकडे पाठ फिरवितो, तोच दुसऱ्या दिवशीं 'एकच कोणी तरी कणखर पुरुष आला पाहिजे' असेंहि म्हणतो. दोन्ही बोलण्यांत स्वतःनें कांहीं करावयाचें नाहीं, हें गृहीत धरलेलें असतें.

मग हिशेब विचारण्याची जागा कोणती? १९९२ सालीं संसदेनें त्र्याहत्तरावी व चौऱ्याहत्तरावी अशा दोन घटनादुरुस्त्या मंजूर केल्या. पहिली २४ एप्रिल १९९३ रोजीं अमलांत आली. तिनें ग्रामपंचायतींना घटनेचा आधार दिला आणि 'ग्रामसभा' हा शब्द घटनेंत आणिला. ग्रामसभा म्हणजे निवडून दिलेल्या पंचांची बैठक नव्हे. गांवच्या मतदारयादींत ज्यांचीं नांवें आहेत त्या सर्वांची ती सभा. येथें मुखत्यार व मालक समोरासमोर बसतात.

या कल्पनेवर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो खुद्द आंबेडकरांचाच आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनेचा मसुदा मांडतांना त्यांनीं खेड्यांच्या गोडवे गाण्याच्या प्रवृत्तीवर कठोर टीका केली होती. खेडें हें संकुचितपणाचें, अज्ञानाचें व जातिभेदाचें आगर आहे. राज्याचा पाया तें असूं नये, व्यक्ति असावी, असें त्यांचें म्हणणें होतें. या आक्षेपांतील सत्य नाकारणें म्हणजे डोळ्यांवर कातडें ओढून घेणें होय. चार वजनदार घराण्यांनीं ठरवावें आणि बाकीच्यांनीं माना डोलवाव्या, अशी सभा ही लोकसभा नव्हे. ती जुन्या सत्तेचीच नवी बैठक होय. म्हणूनच त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनें अनुसूचित जाति व जमाति यांच्यासाठीं लोकसंख्येच्या प्रमाणांत, आणि स्त्रियांसाठीं निदान एकतृतीयांश जागा राखून ठेविल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं स्त्रियांचा वांटा निम्म्यावर नेला. केवळ राखीव जागांनीं जातीचा दाब नाहींसा होतो असें नाहीं. परंतु जी स्त्री ओसरीवर येऊन बोलण्यास संकोचत होती, ती सरपंचाच्या खुर्चीवर बसून जमाखर्च वाचूं लागली, ही गोष्ट अनेक गांवांनीं पाहिली आहे. आक्षेपाचें उत्तर सभा टाळणें हें नसून, सभेंत सर्वांत दुबळ्या माणसाचा आवाज ऐकूं येईल अशी तिची रचना करणें हें आहे.

अशी रचना प्रत्यक्षांत कशी असते, याचें एक उदाहरण महाराष्ट्राच्या पूर्वेकडील टोंकाला आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा नांवाचें गोंड लोकांचें एक खेडें आहे. शेजारच्या लेखा गांवावरून त्याला मेंढा-लेखा असें म्हणतात. वस्ती सुमारें पांचशें. १९८० नंतरच्या दशकांत इंचमपल्ली व भोपालपट्टनम् येथें होऊं घातलेल्या धरणांविरुद्ध त्या भागांत मोठी चळवळ झाली. तिच्यांतून या गांवाला आपल्या शक्तीची ओळख पटली. देवाजी तोफा यांच्यासारखे गांवचे कार्यकर्ते व मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरून आलेले अभ्यासक यांच्या सहवासांत तेथें एक पद्धति आकाराला आली. दिल्लीमुंबईस लोकांनीं निवडलेलें सरकार असलें, तरी आपल्या गांवापुरतें सरकार म्हणजे आपण सर्वजण, हें तिचें सूत्र होय.

या पद्धतींत दोन गोष्टी मुख्य आहेत. पहिली, निर्णय बहुमतानें न करतां सर्वांच्या संमतीनें करावयाचा. एकाहि माणसाचा मनापासून विरोध असेल, तर विषय पुढच्या सभेवर टाकावयाचा व तोंवर त्याची शंका समजून घ्यावयाची. शहरी कानाला हें अशक्य वाटेल. परंतु बहुमताच्या निर्णयांत हरलेला पक्ष मनांत अढी धरून बसतो व काम अडवितो, त्यापेक्षां उशिरा झालेला पण सर्वांचा असलेला निर्णय लवकर पार पडतो, असा त्या गांवाचा अनुभव आहे. दुसरी गोष्ट म्हणजे अभ्यासगट. सभेंत निर्णय घेण्यापूर्वीं विषयाची माहिती गोळा करून, जाणत्यांना बोलावून, त्यावर सावकाश चर्चा करावयाची; ज्याला या गटांत बसावयाचें त्यानें बसावें. सभा ठरविते, गट समजून घेतो. मत आणि माहिती यांची ही जोड फार मोलाची आहे. कारण ज्ञानावांचून केलेली चर्चा गलबला होते आणि निर्णयावांचून केलेली चर्चा करमणूक होते.

या पद्धतीची कसोटी बांबूच्या प्रश्नावर लागली. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें जंगलांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांना गौण वनोपजावर मालकी दिली आणि त्या वनोपजांत बांबूची गणना केली. या कायद्यान्वयें २००९ सालीं मेंढा गांवाला सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशांत असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गांवांपैकीं तें एक होय. परंतु १९२७ सालच्या जुन्या वनकायद्यांत बांबू हा वृक्ष धरला होता; त्या आधारावर त्याची वाहतूक करण्याचा परवाना देण्यास वनखातें तयार होईना. हक्क होता, पण माल गांवाबाहेर नेतां येत नव्हता. गांवानें दंगा केला नाहीं कीं हताश होऊनहि बसलें नाहीं. कायदा वाचला, अर्ज केले, उत्तरें मागितलीं आणि पुन्हां अर्ज केले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितींत वाहतूक परवान्यांचें पुस्तकच ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. ज्या कागदासाठीं गांवानें कचेरीचे उंबरे झिजविले, तो कागद फाडून देण्याचा अधिकार आतां गांवाचा झाला.

मेंढ्याचें चित्र पाहून हुरळून जाण्याचें मात्र कारण नाहीं. तें गांव लहान आहे, बहुतेक एकाच जमातीचें आहे, आणि त्याला दीर्घकाळ टिकणारे कार्यकर्ते लाभले. प्रत्येक ठिकाणीं हें जुळून येणार नाहीं. तरीहि विस्तारानें मोठ्या प्रदेशांत असा प्रयोग चालूंच शकत नाहीं, हेंहि खरें नाहीं. केरळ राज्यानें १९९६ सालीं लोकनियोजनाची मोहीम हातीं घेतली आणि राज्याच्या योजनाखर्चापैकीं ३५ ते ४० टक्के रक्कम स्थानिक संस्थांच्या स्वाधीन करण्याचें ठरविलें. राजस्थानांत १९९४ पासून मजूर-किसान शक्ति संघटनेनें गांवोगांव जनसुनावण्या भरविल्या. सरकारी कामाचे हजेरीपट तेथें मोठ्यानें वाचण्यांत येत. ज्यांनीं कामाला हातहि लाविला नाहीं अशांचीं, इतकेंच नव्हे तर मृतांचींहि नांवें त्यांत निघत. वाचणारा वाचीत असे आणि ऐकणारा जागच्या जागीं सांगत असे, 'हा तर केव्हांच वारला.' या साध्या वाचनांतून माहितीच्या हक्काची चळवळ वाढली. महाराष्ट्रांत अण्णा हजारे यांच्या आंदोलनानें तिला जोर दिला, आणि २००५ सालीं सर्व देशासाठीं माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला.

येथवर खेड्यांची गोष्ट झाली. परंतु राजकारणाविषयीं सर्वांत अधिक त्रासून बोलणारा वर्ग शहरांत राहतो, आणि हिशेब विचारण्याच्या जागेची सर्वांत मोठी उणीवहि शहरांतच आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. परंतु महाराष्ट्रांत अनेक प्रभागांची मोट बांधून एक समिति करण्यांत आली. तिच्यांत नगरसेवक बसतात, संस्थांचे दोन-तीन प्रतिनिधि बसूं शकतात. सामान्य रहिवाशाला तेथें बसण्याचा हक्क नाहीं. २००९ सालीं 'क्षेत्रसभे'ची तरतूद कायद्यांत झाली. कांहीं मतदानकेंद्रांच्या टापूंतील सर्व मतदारांची ती सभा, म्हणजे शहरांतील ग्रामसभाच म्हणावयाची. ही तरतूद बहुतेक शहरांत कागदावरून रस्त्यावर उतरली नाहीं. आणि ती उतरावी म्हणून आग्रह धरणारे नागरिकहि थोडेच निघाले.

यापेक्षांहि बोलकी गोष्ट पुढें घडली. २०२२ च्या मार्चमध्यें मुंबई व पुणें या महापालिकांची मुदत संपली. आरक्षण व प्रभागरचना यांच्या वादांत निवडणुका लांबल्या आणि त्या २०२६ च्या जानेवारींत झाल्या. मधलीं जवळजवळ चार वर्षें या शहरांचा कारभार प्रशासकांच्या हातीं होता. अंदाजपत्रक प्रशासकानें मांडावें आणि त्यानेंच मंजूर करावें, असा तो क्रम होता. 'राजकारणी नकोत, चांगला अधिकारी हवा' अशी इच्छा शहरी बैठकींत वारंवार ऐकूं येते. ती इच्छा जणूं काय नियतीनें पुरी केली. त्या अधिकाऱ्यांची योग्यता कितीहि मोठी असो, रस्ता कां खणला आणि पाणी कां आलें नाहीं, हें हक्कानें विचारण्यासाठीं वस्तींत एकहि निवडलेला मनुष्य उरला नव्हता. जें मुखत्यारपत्र निरुपयोगी म्हणून आपण हिणवितों, तें हातांतून गेल्यावरच त्याची किंमत कळते.

शहर मोठें म्हणून तेथें सभा भरणें अशक्य, हा समजहि तपासून घेण्यासारखा आहे. ब्राझील देशांतील पोर्तो अलेग्रे हें दहा लाखांहून अधिक वस्तीचें शहर आहे. लष्करी राजवट संपल्यानंतर, १९८९ पासून, तेथें नगरपालिकेच्या भांडवली खर्चाचा अग्रक्रम ठरविण्यासाठीं विभागवार लोकसभा भरूं लागल्या. सभेंत लोक आपले प्रतिनिधि निवडीत, कामांचा क्रम लावीत, आणि पुढील वर्षीं कोणतीं कामें झालीं व कोणतीं राहिलीं, याचा जाब विचारीत. गटारें, पाणी व पक्के रस्ते हीं कामें गरीब वस्त्यांकडे आधीं वळलीं. पुढें २००४ सालच्या निवडणुकींत सत्ता पालटल्यावर हा प्रयोग हळूहळू क्षीण झाला आणि २०१७ सालीं तो स्थगित करण्यांत आला. पुण्यांतहि २००६ पासून नागरिकांनीं अंदाजपत्रकासाठीं कामें सुचविण्याची सोय आहे. परंतु अर्ज भरून देणें आणि एकत्र बसून ठरविणें यांत मोठें अंतर आहे. दोन्ही उदाहरणांवरून एक धडा निघतो. अशी संस्था केवळ सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर उभी राहिली, तर ती मर्जीबरोबरच जाते. तिला कायद्याचा आधार, खर्चाचा ठराविक हिस्सा आणि लोकांचें सततचें लक्ष, हीं तिन्ही लागतात. यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी सरकारनें द्यावयाच्या. तिसरी मात्र कोणतेंहि सरकार देऊं शकत नाहीं.

या लक्षाची संवय लागणें हीच अधिक चांगल्या समाजाविषयींची खरी आशा होय. ती आशा मोठमोठ्या घोषणांत नाहीं. वस्तींतील दहा घरांनीं मिळून महापालिकेच्या अंदाजपत्रकांतून आपल्या प्रभागाचीं पानें वाचणें, झालेल्या कामाचें देयक माहितीच्या अधिकारानें मागविणें, नगरसेवकाला वर्षांतून चार वेळां बोलावून त्याचें म्हणणें ऐकणें, आणि क्षेत्रसभा भरविण्याची मागणी लेखी करणें, हीं कामें कोणालाहि करतां येण्यासारखीं आहेत. त्यांत एक पथ्य मात्र पाळलें पाहिजे. सोसायटीच्या चार भिंतींपुरतें पाहणारी सभा ही लवकरच तक्रारींचें कार्यालय बनते. घरीं कामाला येणारी बाई, रस्त्यावरील भाजीवाला, गटार साफ करणारा कामगार हेहि त्याच प्रभागाचे मतदार आहेत. त्यांचा पाण्याचा नळ आणि आपली मोटार ठेवण्याची जागा यांत आधीं कोणाचा विचार व्हावा, हा प्रश्न ज्या सभेंत सरळपणें विचारला जाईल, त्याच सभेंतून सामाजिक लोकशाहीचा आरंभ होईल.

यानें देशाचें राजकारण एका रात्रींत शुद्ध होईल, असें कोणी म्हणणार नाहीं. पक्षांतरें होतील, पैसा आपल्या वाटा शोधील. परंतु प्रश्न विचारणारा मनुष्य आणि निराश मनुष्य यांत एक फरक असतो. निराश मनुष्याला सर्व राजकारणी सारखे दिसतात. प्रश्न विचारणाऱ्याला ते निरनिराळे दिसूं लागतात, कारण कोणी उत्तर दिलें व कोणी टाळलें, हें त्यानें स्वतः पाहिलेलें असतें. पुढच्या निवडणुकींत तो मत देतो, तेव्हां तें मत अफवेवर किंवा भक्तीवर उभें नसतें. तें हिशेबावर उभें असतें.

१८७० सालीं पुण्यांतील ज्या लोकांनीं मुखत्यारपत्रावर सह्या केल्या, त्यांना राज्यकर्ते बदलण्याचा अधिकार नव्हता. त्यांच्या हातीं फक्त स्वतःचें नांव होतें, आणि तें त्यांनीं एका माणसाच्या पाठीशीं उभें केलें. आजच्या मतदाराच्या हातीं राज्यकर्ते बदलण्याचा अधिकार आहे. पण त्याच्या पाठीशीं पन्नास शेजारी नाहींत, आणि त्याच्या प्रतिनिधीला त्याचें नांवहि ठाऊक नाहीं. आपल्या गल्लींतील पन्नास माणसें कोण, त्यांना काय हवें आहे, हें ज्याला सांगतां येतें, त्याच्या तोंडून 'या सर्वांत कांहीं अर्थ राहिला नाहीं' हें वाक्य सहसा निघत नाहीं. तो बहुधा पुढच्या सभेची तारीख विचारीत असतो.